दोन बोटं कमी

सकाळी साडेसहाला अण्णा शेवडे जीपचं बॉनेट उघडत आणि मला हाक मारत. "मास्तर, जरा खाली या." मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, म्हणून मोटारीतलं मला सगळं कळतं अशी त्यांची समजूत होती, आणि ती मोडण्याइतका प्रामाणिकपणा माझ्यात नव्हता. हातातला चहाचा कप तसाच घेऊन मी घाटी उतरायचो. अण्णा इंजिनातून ऑइलची पट्टी उपसत, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसत, परत आत खुपसत, पुन्हा उपसत आणि उजेडात धरत. मग वैद्याने रोग्याच्या नातेवाइकाकडे बघावं तसं माझ्याकडे बघून म्हणत, "दोन बोटं कमी."

कालही दोन बोटं कमी असायचं. परवाही असायचं. काल संध्याकाळी मी स्वतः डबा धरून आणि अण्णांनी नरसाळं धरून ऑइल ओतलेलं असायचं, तरी सकाळी पट्टी तेच सांगायची. असं १९९८ पासून २००१ पर्यंत चाललं. या तीन वर्षांत माझा सकाळचा चहा एकदाही गरम असा माझ्या पोटात गेला नाही, आणि त्याचा राग मला अजून आहे.

श्रीपती शेवडे हे त्यांचं पूर्ण नाव. वाडीला ते अण्णा, आणि त्यांची जीप ही वाडीची 'आगबोट'. मुंबईहून आगबोट यायची त्या काळात ती दिसायच्या आधी तिचा धूर दिसायचा, असं आमची म्हातारी माणसं सांगत. अण्णांच्या जीपचंही तसंच होतं. भाट्याच्या पुलाकडून आधी एक निळा ढग वर येई, त्यानंतर आवाज, आणि शेवटी त्या ढगातून खोकत खोकत अण्णा.

आता एक कारकून माणूस, घरी चाळीस आंब्याची कलमं, मुलं नोकरीला मुंबईत, त्याला ही चारी चाकांना जोर लावणारी धुडासारखी जीप कशाला हवी, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं होतं. त्याचं उत्तर असं आहे. अण्णा रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत होते. कचेरीला ही जीप होती. चौदा वर्षं तिचे कागद अण्णांनी सांभाळले, टायरचे, दुरुस्तीचे, डिझेलचे. पण तिच्यात ते कधी बसले नाहीत. गावोगाव पाहणी निघाली की साहेब जीपने पुढे आणि अण्णा फायली घेऊन एसटीने मागे. जीपमध्ये साहेब बसत, साहेबांच्या बाई बसत, आणि एकदा तर साहेबांचा कुत्रा पुढच्या सीटवर बसून मान बाहेर काढून चाललेला अण्णांनी पाहिला. अण्णा तेव्हा थांब्यावर एसटीची वाट बघत उभे होते. कुत्र्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, असं ते सांगत. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "वासंती, एक दिवस त्या सीटवर तू बसशील."

१९९८ साली अण्णा निवृत्त झाले आणि जीपही. ती लिलावात निघाली आणि अण्णांनी ती घेतली. चालवायला शिकले ते त्यानंतर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि आमच्या घाटीवर. ते प्रकरण मी इथे सांगत नाही, कारण त्यात माझा गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, पडली होती.

आमची वाडी भाट्याचा पूल ओलांडून वर गेलं की चढावर लागते. चढावर म्हणजे सबंध वाडीच चढावर. पोरांच्या हातून चेंडू सुटला तर ती खाली समुद्राच्या पुळणीवरच शोधायला जातात. गाडी जाईल असा रस्ता एकच, जांभ्या दगडाची उभी घाटी. त्या घाटीतच, घराच्या बेड्याबाहेर, म्हणजे बांबूच्या फाटकाबाहेर, अण्णांची जीप उभी असे, तोंड वर, पाठ समुद्राकडे, आणि मागच्या दोन्ही चाकांना जांभ्याचा एकेक चिरा लावलेला.

सगळ्या वाडीत सपाट अशी एकच जागा, ती म्हणजे वासंतीवहिनींचं खळं. घरापुढचं अंगण, पण त्याला अंगण म्हटलेलं वहिनींना चालत नसे. दिवाळीच्या आधी त्या ते स्वतः खणून, भिजवून, चोपण्याने आठ-आठ दिवस चोपून काढत आणि वर शेणाने सारवत. त्या खळ्यात तांब्याभर पाणी सांडलं तर कुठल्या बाजूला जावं हे पाण्याला कळत नसे. उन्हाळ्यात तिथे पापड, आमसुलं, फणसाची साठं वाळत. त्या खळ्यात चप्पल चालत नसे, कोंबडी चालत नसे, आणि जीपचं तर नावच काढायचं नाही.

याचं कारण वहिनी त्या जीपमध्ये एकदा बसल्या होत्या. जीप घरी आल्यावर महिन्याभराने, भाट्याला मैत्रिणीच्या नातवाच्या बारशाला जायचं म्हणून. मोतिया रंगाची नवी साडी, केसात अबोलीचा वळेसर, मांडीवर कुंचीची पिशवी. घाटी उतरताना ठीक होतं. पुलाशी पोचेपर्यंत पायाखालच्या फटीतून निळा धूर आत आला, आणि धुरामागून काळ्या ऑइलची एक चिळकांडी, साडीवर आणि तोंडावर. बारशाला वहिनी पोचल्या तेव्हा बाळाने त्यांच्याकडे बघून जे भोकाड पसरलं ते नाव ठेवून झालं तरी थांबेना. त्या परत एसटीने आल्या. त्यानंतर त्या जीपमध्ये बसल्या नाहीत. जीपचं नावही घेत नसत. 'ती' म्हणत, जशी काही सवतच.

अण्णांना हे लागलं. रोज पट्टी बघून ओतणं तर जीप आली तेव्हापासूनच होतं, आता त्यांनी ऑइलचा ध्यासच घेतला. धूर येतो म्हणजे ऑइल चुकीचं आहे, असं त्यांनी ठरवलं, आणि मग कुठलं ऑइल बरोबर याचा तपास सुरू झाला. बुरोंडीला त्यांचा एक मित्र होता, भिकाजी, त्याच्या मच्छीमार होड्या. तो म्हणाला, जाड घाला, होडीला आम्ही जाडच घालतो. पेट्रोल पंपावरचा म्हणाला, पातळ घाला, आता सगळे पातळच घालतात. अण्णा दोन्ही डबे घेऊन आले. एकावर वीस-चाळीस लिहिलेलं, दुसऱ्यावर पंधरा-चाळीस, आणि मध्ये इंग्रजी डब्ल्यू.

"मास्तर, हा डब्ल्यू कशाचा?"

हे मात्र मला माहीत होतं. "हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा, दुसरा इंजिन तापल्यावर किती जाड राहतं त्याचा. पहिला जितका लहान तितकं ते गारठ्यात लवकर वाहतं."

अण्णांनी कपाळ पुसलं. डिसेंबरातही आमच्याकडे माणूस कपाळच पुसतो. "आपल्याला हिवाळा कुठे आहे?"

"म्हणजे दोन्ही चालतील," मी म्हणालो.

साळवी स्टॉपजवळ संदेशचं गॅरेज होतं, तोही तेच म्हणाला. संदेश शांत डोक्याचा पोरगा. "अण्णा, आपल्या हवेत दोन्ही चालतात. डिझेल इंजिनाचं आहे एवढं डब्यावर बघून घ्या. आणि पट्टीवर दोन खुणा आहेत ना, त्यांच्या मधे ठेवा. वरच्या खुणेच्या वर अजिबात नको." यातलं शेवटचं वाक्य अण्णांनी ऐकलं की नाही ते देव जाणे. 'दोन्ही चालतात' याने ते इतके अस्वस्थ झाले की त्यांना पुढचं ऐकू येईना. तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला दोन्ही चालतात असं उत्तर चालत नाही, त्याला एकावर खूण हवी असते.

म्हणून त्यांनी देवाला कौल लावायचं ठरवलं.

कौल आमच्याकडे लग्नाला लावतात, विहिरीला लावतात, भावाभावांच्या वाटणीला लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. कुठल्या बाजूची कळी पडेल त्यावरून देवाचं म्हणणं कळतं. मोटारीच्या ऑइलला कौल लावलेला मात्र आमच्या रघू गुरवानेही ऐकला नव्हता. देवळात आलो तेव्हा तो डब्यांकडे बराच वेळ बघत राहिला.

"अण्णा, ह्ये देवाला सांगायचं कसं? देव जुना हाय. त्याला त्याल म्हंजे खोबऱ्याचं."

"तू पातळ आणि जाड एवढंच सांग," अण्णा म्हणाले. "आकडे मी मनात म्हणतो."

रघूने हात जोडले, डोळे मिटले आणि आवाज चढवला. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुजा लेकरू श्रीपती शेवडे आज तुज्या पायाशी आलाय."

"होय म्हाराजा," आम्ही दोघे म्हणालो. मी विज्ञानाचा शिक्षक, पण गाऱ्हाणं चालू असताना गप्प राहायला मला आजवर जमलेलं नाही.

"त्याच्या गाडीच्या पोटात त्याल ठरत नाय म्हाराजा. तुज्याम्होरं दोन डबं ठेवलेत. पातळ घालायचं आसंल तर उजवा दे, जाड घालायचं आसंल तर डावा दे."

"होय म्हाराजा."

"आनि त्या गाडीवर ज्या कुनाची वाकडी नजर आसंल, त्याचे डोळे..."

"रघू, रघू," अण्णा घाईघाईने म्हणाले, "ते डोळ्यांचं राहू दे. घरचं माणूस आहे."

कळ्या पडेनात. अर्धा तास गेला. बुरोंडी आणि पेट्रोल पंप यांच्यातला वाद देवालाही सहजासहजी सुटण्यातला नव्हता. आणि मग दोन्ही कळ्या एकदमच पडल्या, उजवी उजवीकडे, डावी डावीकडे. रघूने त्यांच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दोनी चालतात."

आता संदेश म्हणाला, मी म्हणालो, देव म्हणाला. शहाण्या माणसाने एवढ्यावर घरी जावं. अण्णांनी घरी येऊन एका बादलीत दोन्ही डबे ओतले, बांबूच्या काठीने ढवळले, आणि ते मिश्रण जीपमध्ये भरलं. सकाळी पट्टी काढली. दोन बोटं कमी.

मग अण्णांचा संशय संदेशवर गेला. कारण गॅरेजात ऑइल बदललं की तिथे पट्टी बरोबर दाखवायची, आणि घरी आणून उभी केली की कमी. म्हणजे तिथे काहीतरी गडबड होते. अण्णा स्टूल टाकून संदेशच्या मानेशी बसू लागले. डबा स्वतः फोडायचे, स्वतः ओतायचे, झाकण स्वतः लावायचे. शेवटी त्यांनी कचेरीतली जुनी लाख आणली आणि ऑइलच्या झाकणावर मोहोर लावली. घाटी चढेपर्यंत इंजिन तापलं, लाख वितळली आणि अण्णांच्या सदऱ्याला चिकटली. पट्टी काढली तर दोन बोटं कमी.  संदेश बिचाऱ्याने फक्त स्टूल आत नेऊन ठेवलं.

त्यानंतर रघूने आपलं मत सांगितलं. घाटीवर देवचार आहे, आणि तो तेल पितो. वाडीची राखण करणारा देवचार आमच्याकडे सगळ्यांना मान्य आहे, त्यामुळे यावर कुणी हसलं नाही. त्याच्यासाठी वेगळी सोय करायची, म्हणजे तो गाडीतलं पिणार नाही, असं ठरलं. अण्णांनी वडाखाली एका वाडग्यात नवं कोरं पंधरा-चाळीस ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाडगा तसाच भरलेला, वर दोन मुंगळे मेलेले. रघू म्हणाला, "त्येला गरमच लागतं."

तर असं ओतणं चालू राहिलं, आणि जितकं ओतावं तितका धूर वाढला. जीपखाली काळं डबकं साचू लागलं. डबकं दिसलं की अण्णा म्हणत, बघा, गळतंय, म्हणूनच कमी होतं, आणि आणखी ओतत. मी शेजारी डबा धरून उभा.

२००१ च्या मे महिन्यात वहिनींच्या भावाच्या मुलीचं, उर्वीचं लग्न ठरलं. लग्न केळशीला, वहिनींच्या माहेरी, महिन्याच्या शेवटच्या रविवारी. अण्णा म्हणाले, जीपने जाऊ. वहिनी तेव्हा पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता त्यांनी सांगितलं, "गुरुवारी सकाळी ती भाट्याच्या पुलापर्यंत नेऊन आणा. मी खळ्यात उभी राहून बघणार. धूर दिसला नाही तर येईन मी तुमच्या शेजारी बसून. धूर दिसला तर मी एसटीने जाईन, आणि परत येईन तेव्हा ती मला दारात दिसता कामा नये. भंगारवाल्याला निरोप गेलाय."

"निरोप गेलाय?"

"शुक्रवारी येतोय."

वहिनींचं बोलणं कमी, पण एकदा बोलल्या की त्यात बदल नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मी खाली गेलो तर ते जीपमध्ये बसले होते, चालकाच्या जागी नव्हे, शेजारच्या सीटवर.

"मास्तर, हसाल तुम्ही," ते म्हणाले, "पण ही गेली तर मी परत फायली घेऊन थांब्यावर उभा राहणारा माणूस होईन."

मला हसू आलं नाही. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला, की आपण विज्ञान शिकवतो आणि या माणसाला तीन वर्षं नुसता डबा धरून देतो आहोत.

गुरुवार उजाडला. अण्णांनी आंघोळ करून जीपला हार घातला. मी चहा न पिताच खाली गेलो. बेड्याशी पोचतो तोच वहिनींनी हाक मारली. लोणच्याची नवी बरणी माजघरातून बाहेर काढायची होती, ती एकट्या बाईला पेलणारी नव्हती. मी ती उचलून आणली आणि दमल्यामुळे खळ्याच्या कडेला, पायरीवर टेकवली. वहिनींनी बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला. आत बघतो तर एका बाजूच्या फोडी तेलाच्या वर उघड्या पडलेल्या. लोणच्यात तेल फोडींच्या वर हवं, नाहीतर बुरा येतो, एवढं मलाही कळतं.

"वहिनी, तेल कमी आहे हो. दोन बोटं तरी. आणू का?"

"बरणी कलती ठेवलीत, भावजी," वहिनी म्हणाल्या. "आधी सरळ ठेवा, मग तेल बघा. विज्ञान शिकवता ना?"

मी बरणी उचलून खळ्यात ठेवली. तेल हललं, स्थिर झालं आणि सगळ्या फोडी बुडाल्या. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आठवीच्या पोरांना 'द्रवाचा पृष्ठभाग नेहमी समपातळीत राहतो' हे वाक्य मी एकोणीस वर्षं लिहून देतो, आणि जो ते तसंच लिहील त्याला पूर्ण गुण देतो. मला खरंच काही वाटलं नाही.

तेवढ्यात बेड्याबाहेरून अण्णांचा आवाज आला. "मास्तर, नरसाळं घ्या. दोन बोटं कमी."

वहिनी दादरा बांधता बांधता थांबल्या. त्यांनी बरणीकडे बघितलं. मग मान वळवून घाटीकडे बघितलं, जिथे जीप आकाशाकडे तोंड करून उभी होती आणि अण्णा डब्याचं झाकण फिरवत होते. त्या तशाच गडग्यापर्यंत गेल्या.

"अहो, तो डबा खाली ठेवा."

अण्णांनी ठेवला. त्या बारशानंतर वहिनी प्रथमच बॉनेटच्या इतक्या जवळ आल्या होत्या.

"ती सरळ कधी उभी असते?"

"सरळ म्हणजे?"

"सपाटीला."

अण्णांनी विचार केला. "संदेशच्या गॅरेजात."

"आणि तेल बरोबर कुठे असतं?"

"संदेशच्या गॅरेजात," अण्णा म्हणाले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. माझ्याही. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी किती पोरांना ऐकवली असेल. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते एका लोणचं घालणाऱ्या बाईला दिसलं. इंजिनाच्या पोटातलं ऑइल घाटीच्या उताराने मागे जाऊन बसत होतं आणि पट्टी पुढच्या अंगाला कोरडी राहत होती. आम्ही तीन वर्षं त्या कलत्या बरणीत तेल ओतत होतो.

"म्हणजे जास्त झालंय?" अण्णांनी मला विचारलं.

मी म्हणालो, बहुतेक. वहिनी म्हणाल्या, बहुतेक काय, त्याचाच धूर.

"सपाटीला नेऊन बघायला हवं," अण्णा म्हणाले. "पण संदेशकडे न्यायची तर धूर काढत पुलावरूनच जावं लागेल, आणि धूर दिसला तर..." त्यांनी वहिनींकडे बघितलं. अट वहिनींची, आणि ती अण्णा मोडायला सांगणार नाहीत हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. खाली रस्त्याला एक हात सपाटी नाही, वर सड्यावर, म्हणजे पठारावर, जायला जीपची वाट नाही.

 वहिनी आत वळल्या आणि खाली बसून पापड उचलायला लागल्या. पोह्याचे पापड सुपात, आमसुलं रोवळीत, साठं ताटांसकट माजघरात. मी बघतच राहिलो.

"भावजी, बेडं काढा."

"खळ्यात?" अण्णांचा आवाज चिरकला. "जीप?"

"मग काय विमानतळावर नेता?"

अण्णांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी बादलीभर पाणी आणलं आणि जीपची चारही चाकं धुतली, धोतराच्या फडक्याने कोरडी केली, आणि मग चप्पल बाहेर काढून अनवाणी पायांनी जीप चालवत खळ्यात आणली. जीप खळ्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिने तोंड खाली केलं. इतकी सरळ मी तिला प्रथमच पाहत होतो. मला ती एकदम बुटकी वाटली.

इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, सगळं ऑइल खाली उतरू द्यायचं, हे मी सांगितलं. तेवढं तरी मला माहीत होतं. दहा मिनिटं आम्ही तिघं ओट्यावर ओळीने बसलो. मग अण्णांनी पट्टी ओढली, पुसली, खुपसली, पुन्हा ओढली. ऑइल खालच्या खुणेच्या वर होतं, वरच्या खुणेच्या वर होतं, आणि तिथून चांगलं चार बोटं वर, जिथे कारखान्यानेही खूण करायचा विचार केला नसेल.

इंजिनाच्या तळाची चाकी सैल करून जास्तीचं ऑइल काढायचं ठरलं. अण्णा जीपखाली आडवे झाले आणि वहिनींनी जुनं घमेलं पुढे सरकवलं. काळं ऑइल भळभळत आलं. दोन डबे भरले, तिसरा अर्धा झाला. चाकी परत आवळताना अण्णांचा हात घसरला आणि एक मोठा लोळ घमेल्याबाहेर, सरळ खळ्यावर पडला. तळहाताएवढा काळा डाग, वहिनींच्या सारवलेल्या जमिनीवर.

अण्णा जीपखालीच राहिले. बाहेर येण्याची त्यांना हिंमत होईना. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते, आणि ते पाय घाबरलेले होते.

वहिनींनी डागाकडे बघितलं. "शेण आहे गोठ्यात," त्या म्हणाल्या. "बाहेर या तुम्ही आता. कंबर धरेल."

पट्टी पुन्हा पाहिली, दोन खुणांच्या बरोबर मधे. अण्णांनी ती मला दाखवली, वहिनींना दाखवली, आणि घाईघाईने बेड्यात आलेल्या रघूलाही दाखवली. मग ते जीप घेऊन पुलाकडे गेले. वहिनी आणि मी खळ्याच्या टोकाला उभे राहिलो. घाटीच्या वळणावर आवाज ऐकू आला, थोडासा निळा धूर निघाला, जुन्या पापाचा असावा, वहिनींनी तो पाहिला आणि पाहिला नाही. मग बराच वेळ काही नाही. मग खाली पुलावर जीप दिसली, आणि तिच्या मागे नुसती खाडी दिसत होती. वडाखाली बघायला गेलेला रघू धावत परत आला. "काय झालं ओ? गाडी बंद पडली काय? धूर कायच नाय." भंगारवाल्याला वहिनींनी दुपारीच निरोप पाठवला की येऊ नका.

शनिवारी पहाटे ते दोघं केळशीला निघाले. वहिनी पुढच्या सीटवर, साहेबांच्या कुत्र्याच्या जागी, तीच मोतिया साडी नेसून. डाग होते ते त्यांनी निऱ्यांमध्ये घेतले होते. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचायचं ते रात्र पडायला पोचले, कारण वाटेत सतरा वेळा जीप थांबवून ऑइल पाहिलं. मला आधी वाटलं हे अण्णांचं काम. पण अण्णा म्हणाले, नाही, मी फक्त दोनदाच थांबवली. बाकीच्या वेळी वासंतीच बाहेर बघत असायची आणि म्हणायची, "अहो, इथे बरीक सपाट आहे. बघून घ्या."

त्या वर्षी दसरा झाला आणि वहिनींनी नवं खळं करायला घेतलं. आम्ही सगळे चोपणी घेऊन मदतीला होतो. आखणी झाली तेव्हा मला ते मोठं दिसलं. बेड्याच्या बाजूने त्यांनी गडगा मागे सरकवला होता, बरोबर एका जीपच्या लांबीइतका. अण्णांनी विचारलं, ही जागा कशाला?  आठ दिवस वहिनी तो तुकडा वेगळा चोपत होत्या. सारवून वाळल्यावर त्यांनी तांब्याभर पाणी आणलं आणि मधोमध ओतलं. पाणी जिथे पडलं तिथेच उभं राहिलं. वहिनींनी ते वाकून दोन्ही बाजूंनी पाहिलं, पदराला हात पुसले आणि अण्णांना म्हणाल्या, "आणा तिला आत."